मुदीर आणि तिसऱ्या मजल्यावरचं दार

आमच्या कुत्र्याने आयुष्यातली पहिली चोरी जुलैतल्या एका मंगळवारी दुपारी अडीच वाजता केली. चोरी शिळ्या पावाची होती. वार आणि वेळ मला पाठ आहे, कारण पहिल्या मजल्यावरच्या शादलींनी ती त्यांच्या वहीत टिपली आणि खाली माझी सही घेतली.

कुत्र्याचं नाव मुदीर. आमच्याकडे कचेरीतल्या सगळ्यांत मोठ्या साहेबाला मुदीर म्हणतात. मी एकतीस वर्षं टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर बसलो आणि तेवढ्या वर्षांत चार मुदीर माझ्या डोक्यावर येऊन गेले. निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात मी हे पिल्लू घरी आणलं आणि नाव ठेवताना फार विचार करावा लागला नाही. "मुदीर, बस" म्हटलं की तो बसतो. "मुदीर, गप्प" म्हटलं की गप्प होतो. यातलं सुख ज्याने सरकारी नोकरी केलेली नाही त्याला कळायचं नाही.

आणि मुदीर होताही गुणी. भुंकणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक असावं, पण त्याने कधी दाखवलं नाही. जिन्यात कोणी नमाजाला निघालेलं दिसलं, की आपलं नाक त्यांच्या कपड्यांना लागू नये म्हणून तो भिंतीला अंग चिकटवून उभा राहायचा. ही रीत त्याला मी शिकवलेली नाही. हम्माम-लीफ या आमच्या गावातल्या त्या इमारतीत त्याच्याइतकं सभ्य कोणी नव्हतं, आणि हे मी माझ्यासकट सगळ्यांना धरून बोलतो आहे.

तरीही तीन वर्षांपूर्वी तो आला तेव्हा शादलींनी माझ्याकडून हमीपत्र लिहून घेतलं होतं. शादली शाळेत शिस्तपाल होते. आता शाळा नाही, म्हणून इमारतीचे अध्यक्ष आहेत. हमीपत्रात लिहिलं होतं की कुत्रा भुंकणार नाही, कोणाच्या वस्तूला तोंड लावणार नाही, आणि तीन तक्रारी झाल्या तर त्याला इमारतीबाहेर काढलं जाईल. त्यावर मी नगरपालिकेत जाऊन सही साक्षांकित करून आणली. आमच्या देशात माणसाच्या शब्दावर कोणाचा विश्वास नाही, सहीवरही नाही. पण ही सही याचीच आहे, असा शिक्का खिडकीतल्या बाईने मारला की मग मात्र ते दगडावर कोरलेलं. तीन वर्षांत एक तक्रार झाली नव्हती, त्यामुळे मी ते हमीपत्र विसरून गेलो होतो.

तर पाव. पाव आम्ही फेकत नाही. खाली पडला तर उचलून ओठाला लावतो आणि भिंतीवर ठेवतो. शिळे तुकडे पिशवीत भरून दाराच्या मुठीला अडकवतो, कोणीतरी येऊन आपल्या मेंढ्यांसाठी घेऊन जातो. त्या मंगळवारी सगळी इमारत जेवून आडवी झालेली असताना मुदीरने शादलींच्या दारावरची ती पिशवी दातात धरून उतरवली आणि जिन्याने वर नेली. शादलींना दुपारी झोप लागत नाही. शिस्तपालांना लागत नसावी. त्यांनी दाराच्या पडद्याच्या फटीतून सगळं पाहिलं.

"सी मोंजी, तुमच्या साहेबांनी आज पाव उचलला," ते वही उघडून मला म्हणाले. सी म्हणजे आमच्याकडचं राव.

"काहीतरीच काय. तो घरी झोपला आहे."

"मग घरी झोपलेल्या कुत्र्याचं शेपूट मला जिन्यात कसं दिसलं?"

दुसऱ्या मजल्यावर आमच्या घरात पाहिलं तर मुदीर खरोखर झोपलेला होता. पण एक डोळा उघडा ठेवून, आणि नाकावर पावाचा चुरा. उन्हाळ्यात आमच्याकडे दारं उघडी ठेवून पडदा सोडतात, म्हणून जाण्या-येण्याला अडचण नव्हती. मी सही केली. वसीला, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "मोंजी, तुझा कुत्रा म्हातारा व्हायला लागला. तुझ्यासारखाच गुपचूप खातो." मी हे मनाला लावून घेतलं नाही, असं मी तिला सांगितलं.

बुधवारी माझी डावी चप्पल गेली. शुक्रवारी शादलींनी स्वतः गच्चीवर निखाऱ्यांवर भाजलेला मासा स्वयंपाकघराच्या ओट्यावरून गेला. चांगला हातभर लांबीचा. शादलींची बायको बेया हात धुवायला वळली आणि परत फिरली तर ताटलीत नुसतं लिंबू. ती ओरडली नाही, कारण दुपारच्या त्या वेळेला आमच्याकडे कोणी ओरडत नाही. पण वहीत दुसरी तक्रार चढली.

या वेळेबद्दल सांगायला हवं. उन्हाळ्यात दुपारी एक ते चार आमचं गाव मेल्यासारखं असतं. खिडक्यांच्या झडपा बंद, रस्त्यावर मांजरही नाही, बूकर्नीनचा डोंगर उन्हात पांढरा पडलेला. लहानपणी आम्हांला सांगत, की या वेळेला दुपारची म्हातारी हिंडते आणि जागं मूल दिसलं की पिशवीत घालून नेते. मी शिकलेला माणूस आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात मी दुपारी दोन वाजता जिन्यात एकटा कधी उभा राहिलो नव्हतो, हेही खरं.

त्या शनिवारी राहिलो. चप्पल तर शोधायला हवी होती. मुदीर पडद्याखालून सरकून बाहेर गेला, तसा मी अनवाणी त्याच्या मागे. तो खाली गेला नाही, वर गेला. तिसऱ्या मजल्यावर एकच घर आहे, लल्ला मन्नूबियांचं, लल्ला म्हणजे आमच्याकडे बाई, त्या एकट्या राहतात, आणि ते महिनाभर बंद होतं. दारासमोरच्या पायपुसण्यावर माझी चप्पल नीट ठेवलेली होती, टोक भिंतीकडे, जशी पाहुण्याची ठेवतात. पाव नव्हता. मासाही नव्हता, काटासुद्धा नाही. आणि मुदीर त्या बंद दारासमोर बसून शेपूट हलवत होता.

कुत्रा बंद दाराकडे बघून शेपूट हलवतो तेव्हा फार विचित्र वाटतं. तो दाराकडे बघत नव्हता, दाराच्या थोडं वर बघत होता, जिथे माणसाचा चेहरा असतो तिथे. मी जवळ गेलो. दाराला पाहण्याचं भोक आहे. त्यात उजेडाचा एक बारीक ठिपका होता. मी बघत असताना तो ठिपका गेला.

मग कुठूनतरी पितळी खलबत्त्याचा आवाज यायला लागला. टण, टण, टण. सावकाश, मसाला कुटतात तसा. मी चप्पल उचलली आणि जिना उतरलो. धावलो नाही. फक्त भरभर उतरलो.

लल्ला मन्नूबिया जूनमध्ये फ्रान्सला गेल्या होत्या, तूलूझला, मुलाकडे, चाळीस दिवसांसाठी. आम्ही सगळे त्यांना पोचवायला खाली उभे होतो. टॅक्सी सुटल्यावर वसीलाने माणूस सुखरूप परत यावं म्हणून मागे रस्त्यावर पाणी ओतलं होतं. आणि सात घरांनी आपापल्या मुलांसाठी पार्सलं दिली होती. फ्रान्सला जाणारा माणूस अख्ख्या फ्रान्सला जातो, अशी आमच्या इमारतीची समजूत आहे. बेयाने ल्योंमधल्या लुत्फीसाठी लाल मिरचीची चटणी दिली. खालच्या किराणावाल्या सालेहने पॅरिसच्या मुलीसाठी भेंडीची सुकी पूड. वसीलाने मार्सेमधल्या आमच्या रमज़ीसाठी बसीसा, म्हणजे गहू आणि हरभरे भाजून, बडीशेप घालून, हातजात्यावर केलेलं पीठ. तीन दिवस ती भाजत होती. एकतीस वर्षं लोकांची पार्सलं घेतलेला मी, स्वतःचं पार्सल टपालाने पाठवत नाही, याबद्दल कोणी हसू नये. टपालात काय होतं ते मला ठाऊक आहे.

तर त्या तिथे होत्या, याबद्दल शंका नव्हती. रमज़ीनेच दुसऱ्या रविवारी फोनवर सांगितलं होतं, "मिळालं आई, लल्लांनी पोचवलं. फार छान झालंय." लुत्फीने सांगितलं होतं की लल्लांची तब्येत सुधारली आहे. सालेहची मुलगी तर म्हणाली की त्यांनी हिरवा कोट घातला होता आणि तो त्यांना शोभत होता. तीन साक्षीदार, तीन वेगळ्या गावांतले. मग पाहण्याच्या भोकामागे कोण होतं?

मी घरी काही बोललो नाही. पण बेयाला न सांगता सगळं कळतं. रविवारी ती लोबान, मीठ आणि एक वाळवलेली माशाची शेपटी घेऊन बाधा उतरवायला आमच्याकडे आली.

"कुत्र्याला दिसतं," ती म्हणाली. "आपल्याला दिसत नाही. रिकामं घर त्यांना लगेच कळतं. लल्ला तिकडे मजेत आहे आणि इकडे तिच्या घरात बिऱ्हाड आलंय."

"कोणाचं बिऱ्हाड?"

"नाव घेऊ नये. तुम्ही कुटण्याचा आवाज ऐकलात की नाही, खरं सांगा."

मी म्हणालो की मी ऐकला नाही. वसीला म्हणाली की तिने ऐकला. मग किराणावाला सालेह म्हणाला की तो तर आठ दिवस ऐकतो आहे आणि आपल्याला वाटलं सी मोंजीच्या डोक्यातला आवाज असेल. सल्ले सुरू झाले. सालेहच्या मते मुदीरच्या कपाळावर कच्चं अंडं फोडायला हवं होतं. अंडं त्याच्याच दुकानातलं. बेयाने जिन्याच्या प्रत्येक पायरीवर मीठ टाकलं, त्यावरून शादली घसरले आणि तेही त्यांनी मुदीरच्या पानावर समासात लिहिलं. मी मात्र वैज्ञानिक मार्गाने गेलो आणि मुदीरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता. त्याने मुदीरचे दात पाहिले, कान पाहिले आणि मला विचारलं, "तुम्ही याच्याशी बोलता का?"

"हुकूम देतो."

"त्याला एकटं वाटत असेल," डॉक्टर म्हणाला. "किंवा त्याला कोणीतरी एकटं दिसलं असेल." त्याची फी मी दिली, पण मला ती पटली नाही.

मग मी नगरपालिकेत गेलो. हमीपत्रावरची सही मागे घ्यावी असा माझा साधा विचार होता. खिडकीतली बाई तीच होती.

"सही मागे घेता येत नाही," ती म्हणाली. "सही तुमचीच आहे एवढंच आम्ही सांगितलं होतं. ती अजून तुमचीच आहे."

"मग हमीपत्र रद्द करायचं तर?"

"मूळ कागद आणा. तो ज्याला लिहून दिला त्याला आणा. आणि ज्याच्याबद्दल आहे त्याचं लसीकरणाचं पुस्तक." मी पुस्तक दिलं. तिने वाचलं. "मुदीर. हे नाव की हुद्दा?"

"नाव."

"हुद्दा असेल तर वेगळा अर्ज लागतो," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. रांगेत मागे माझ्या चौथ्या मुदीरांचे मेहुणे उभे होते. त्यांनी मला सलाम केला नाही.

गुरुवारी तिसरी तक्रार झाली. दुपारी सव्वादोनला मुदीर भुंकला. भुंकला म्हणणं बरोबर नाही. तो रडला. तिसऱ्या मजल्यावरून लांब, उंच, मोडक्या आवाजात, थांबून थांबून. तीन वर्षांत त्याचा आवाज आम्ही ऐकलेला नव्हता. सगळी इमारत पडद्यांबाहेर आली, पण वर कोणी गेलं नाही. मी हाक मारली, "मुदीर, खाली ये." तो आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझा हुकूम मोडला. मी सातव्या पायरीपर्यंत गेलो आणि तिथूनच बघितलं, तो दाराच्या फटीत नाक खुपसून पंजाने फरशी खरवडत होता. मग आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला आणि तो गप्प झाला. मीही खाली आलो. शादलींनी वही उघडून ठेवलीच होती.

शनिवारी संध्याकाळी सहाला सभा ठरली. निकाल काय लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. बेजाला वसीलाच्या चुलतभावाचं शेत आहे. तिथली कुत्री साखळीला बांधलेली असतात आणि त्यांना नावं नसतात. वसीला, जी तीन वर्षं "तुझा कुत्रा, तुझा कुत्रा" करत होती, ती शनिवारी सकाळी मुदीरच्या ताटलीत आमच्या जेवणातला मटणाचा मोठा तुकडा घालून स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि दार लावून घेतलं. मला रडू आलं. हे मी लपवत नाही.

दुपारी दोन वाजता मी मुदीरला म्हणालो, "चल, तुझं जे काही वर आहे त्याचा निरोप घे." तो पुढे, मी मागे. पायऱ्यांवरचं मीठ तळव्यांना टोचत होतं. खलबत्ता वाजत होता, टण, टण, आणि आम्ही वर पोचल्यावर थांबला. मुदीर पायपुसण्यावर बसला. मी दारावर हात ठेवला, का ते मला सांगता येणार नाही. लाकूड उन्हाने तापलेलं होतं. मग आतून कोणीतरी अगदी हळू कडी काढली.

दार चार बोटं उघडलं. आत झडपेच्या फटीएवढाच उजेड, बाकी अंधार. त्या अंधारातून स्वयंपाकघरातला चिमटा बाहेर आला आणि चिमट्यात मटणाच्या हाडाचा एक सुकलेला तुकडा होता. मुदीरने तो अदबीने घेतला.

चिमटा मी ओळखला. दर शुक्रवारी कुसकुसच्या, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या दाण्यांच्या, जेवणानंतर लल्ला मन्नूबिया मुदीरला हाड त्याच चिमट्याने देत असत, हाताला कुत्र्याचं तोंड लागून वुज़ू, म्हणजे नमाजासाठी केलेली शुद्धी, मोडू नये म्हणून.

"लल्ला," मी म्हणालो. "तुम्ही जिवंत आहात की..."

"हळू बोल, बाळा," आतून आवाज आला. "शादली झोपत नाही."

त्यांनी मला आत घेऊन बसवलं. त्या फ्रान्सला गेल्याच नव्हत्या. विमानतळापर्यंत गेल्या होत्या. तिथे मुलाचा फोन आला, की आई, या महिन्यात नको, बायकोची आई आली आहे, घरात जागा नाही, पुढे बघू. त्या बाकावर बसून राहिल्या. मग टॅक्सी करून दुपारी अडीच वाजता, ज्या वेळेला या गावात फक्त म्हातारी आणि कुत्री जागी असतात, त्या वेळेला बॅग उचलून तीन जिने चढल्या. मुदीर आमच्या पडद्याखालून बघत होता. तेवढा एकच साक्षीदार.

"सगळ्या इमारतीने पाणी ओतलं माझ्या मागे," त्या म्हणाल्या. "तीन तासांत परत कोणत्या तोंडाने येऊ? म्हटलं, चाळीस दिवस काढू. मग बॅग घेऊन खाली उतरू आणि वर येऊ."

झडपा लावून, दिवा न लावता, वास येईल म्हणून चूल न पेटवता त्या कुसकुस पाण्यात भिजवून खात होत्या. वर्षाचा साठा होता, पण नुसतं कुसकुस किती दिवस जाणार? पाव मुदीरने आणला. "पिशवीत होता, पिशवीला गाठ होती, त्याचं तोंड पावाला लागलं नाही," त्या म्हणाल्या, "अल्लाह बघतो." मासा मात्र त्यांनी मुदीरलाच परत दिला होता, काट्यांसकट. गुरुवारी न्हाणीघरात पाय घसरून त्या पडल्या होत्या आणि अर्धा तास उठता येत नव्हतं, तेव्हा तो रडला. उजवा पाय अजून सुजलेला होता. गाल आत गेले होते. त्यांनी सगळं हसून सांगितलं, आणि मला तेच बघवलं नाही.

मग डोळे अंधाराला सरावले आणि मला भिंतीकडचा कोच दिसला. त्यावर सात पार्सलं ओळीने ठेवली होती.

"एकालाही हात लावला नाही," लल्ला म्हणाल्या. "अमानत आहे."

सगळ्यांत उजवीकडचं माझं होतं. जाड कागद, दोरीला पार्सलच्या खिडकीवरची दुहेरी गाठ, वर माझ्या अक्षरात रमज़ीचं नाव आणि मार्सेचा पत्ता. गाठ मी जशी मारली तशी होती.

मी त्या गाठीकडे बराच वेळ बघत होतो. लल्ला म्हणाल्या, "काय झालं?" मी त्यांना सांगितलं. लुत्फीला त्यांची तब्येत सुधारलेली दिसली होती. सालेहच्या मुलीला हिरवा कोट दिसला होता. आमच्या रमज़ीला बसीसा फार छान लागला होता.

"मला हिरवा कोटच नाही," लल्ला म्हणाल्या. मग म्हणाल्या, "फोनवर आईने विचारलं मिळालं का, तर पोरं हो म्हणतात. नाही म्हटलं तर ती विचारत बसते. कामाची घाई असते त्यांना." त्या कोणाच्या मुलाबद्दल बोलत होत्या, ते मी विचारलं नाही.

उठताना मी त्यांना सहाच्या सभेचं आणि मुदीरच्या तीन तक्रारींचं सांगितलं आणि म्हणालो, "खलबत्ता तरी जरा बेताने वाजवायचा. बेयाने इमारतीत भूत बसवलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माझा खलबत्ता जाताना मी वसीलाला नाही का दिला? रोज दुपारी ऐकते मी. मला वाटलं तीच कुटते आहे."

वसीलाने जूनपासून काही कुटलेलं नव्हतं. मुदीरने छताकडे बघून एकदा शेपूट हलवलं.

आता माझी अवस्था बघा. मुदीरला वाचवायचं तर लल्लांचं दार उघडावं लागणार. दार उघडलं की पार्सलं दिसणार, आणि पार्सलं दिसली की सात आयांना कळणार की त्यांच्या मुलांनी त्यांना काय सांगितलं. त्यांत एक माझी वसीला. मी जिना उतरेपर्यंत ठरवलं, की मुदीर बेजाला जाईल. तो सभ्य आहे, त्याला समजेल. असं मी स्वतःला सांगत होतो आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

सहा वाजता शादलींच्या दिवाणखान्यात सगळे जमले. पंखा फिरत होता. मुदीर माझ्या पायाशी बसला होता, इतका नीट की बघून कोणालाही अपराधी वाटावं. शादलींनी हमीपत्र मोठ्याने वाचलं, शिक्क्यासकट. ते वाचत असताना जिन्यात पावलं वाजली. एक सरळ, एक ओढत, वरून खाली, पडद्यापलीकडून, फार हळू. फक्त मी आणि मुदीरने ऐकली. त्याचा कान उभा राहिला. मी म्हणालो, "गप्प." तो गप्पच होता.

"तर सी मोंजी, तुम्हांला काही म्हणायचं आहे?"

"नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात तळमजल्यावरून बॅग आपटल्याचा आवाज आला. मग पहिल्या पायरीवर, मग दुसऱ्या. रिकामी बॅग इतका आवाज करते हे मला माहीत नव्हतं. पडदा सरकला आणि लल्ला मन्नूबिया दारात उभ्या राहिल्या, प्रवासाच्या कपड्यांत, धापा टाकत.

"टॅक्सीवाला दारात सोडून पळाला," त्या म्हणाल्या. "कोणी बॅग तरी घ्याल की नाही?"

मग जे झालं ते सांगत नाही. बायका गळ्यात पडल्या. बेया म्हणाली, "फ्रान्सने किती वाळवलं हो तुम्हांला." आणलेल्या वस्तूंची पेटी विमानवाल्यांनी हरवली, हे ऐकून सगळ्यांनी मान हलवली, कारण पेट्या हरवतातच. पाय विमानाच्या शिडीवर मुरगळला होता. आठवडाभर आधी त्या परतल्या, कारण तिकडच्या जेवणाला चव नाही. मग त्यांनी एकेकीला मुलाचा निरोप दिला. वसीलाला म्हणाल्या, "तुझ्या रमज़ीने माझ्यासमोर डबा उघडला. उभ्या उभ्या खाल्ला." वसीलाने माझ्याकडे अशा चेहऱ्याने बघितलं, की मी खिडकीबाहेर डोंगर बघायला लागलो.

"आणि लुत्फी?" शादलींनी विचारलं. शिस्तपालाच्या आवाजात नाही, निराळ्याच.

लल्ला कोचावर टेकल्या. "लुत्फी म्हणाला, बाबांना सांगा, तब्येत जपा. आणि विचारत होता, तो जिन्यात भिंतीला चिकटून उभा राहणारा कुत्रा अजून आहे का. म्हणाला, घरची आठवण आली की मला तो आठवतो."

शादलींनी वही मिटली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग वही उघडून मुदीरचं पान काढलं, त्याची चार तुकड्यांत घडी केली आणि खिशात ठेवली. "पाव शिळाच होता," ते म्हणाले.

पार्सलं मी पाठवली. रोज एक, पिशवीत लपवून, माझ्याच जुन्या खिडकीवर. तिथे आता हयात नावाची मुलगी बसते, तिला काम मीच शिकवलं.

"पाठवणाऱ्याचं नाव लल्ला मन्नूबिया आणि अक्षर तुमचं कसं, सी मोंजी?" ती म्हणाली. "तुम्हीच सांगायचात, अक्षर आणि नाव जुळलं पाहिजे." मी तिला इतकं चांगलं का शिकवलं, याचा मला पश्चात्ताप झाला. पण तिने शिक्के मारले. सहा पार्सलं गेली आणि पोचली असणार. कोणाही मुलाने पार्सल मिळाल्याचं कळवलं नाही. कळवणार कसं? आभार आधीच मानून झाले होते.

सातवं मी हयातच्या खिडकीपर्यंत नेलं आणि परत आणलं. घरी नेता येत नव्हतं, म्हणून ते लल्लांच्या कपाटात राहिलं. आता रोज दुपारी, इमारत झोपली की मी आणि मुदीर वर जातो. लल्ला बसीशात ऑलिव्हचं तेल आणि साखर कालवतात, मला वाटीत, मुदीरला चिमट्याने. कधी कधी खलबत्ता वाजतो. वर फक्त गच्ची आहे. आम्ही तिघंही ऐकतो आणि खात राहतो.

परवाच्या रविवारी तिथेच माझा फोन वाजला. रमज़ी होता.

"बाबा, आई उचलत नाहीये. झोपली असेल. घाईत आहे, एवढंच सांग तिला, त्या बसीशाची चव अजून तोंडात आहे."

माझ्या तोंडात चमचा होता. मी गिळलं. बडीशेप अगदी बेताची पडली होती.

"हो," मी म्हणालो. "छानच झालंय."

फोन ठेवल्यावर लल्लांनी विचारलं, "काय म्हणाला?"

"आवडलं म्हणाला."

"मग बरं," त्या म्हणाल्या आणि माझ्या वाटीत आणखी थोडं तेल घातलं.